संत्र्याचा शेंडा

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा गणवेश शिवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीनं लिहून ठेवते. कोणाच्या धाकाखाली लिहीत नाही, असंही लिहावं लागतं. धाक कोणाचाच नाही. पण उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि मला भयंकर भीती वाटते आहे. अक्षर हललंय ते त्यामुळे; पुढे त्यावरून कोणी वाद घालू नये.

राहतं घर मुलाला व सुनेला. बँकेतली ठेव मुलीला. घर भावाला गेलं म्हणून ती बोलणार नाही, पण मनात ठेवील. शिवणयंत्र माझ्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईला. मोठी कात्री तिनं कापडालाच लावावी; कागदाला लावली तर मी असेन तिथून ओरडेन.

नणंदेला काही नाही. मी कुंडीत संत्र्याच्या ओल्या बिया पुरत होते तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, याची फळं खायला तू असशील का गं?" सगळे हसले, मीही हसले. आता डोळे मिटले की तेच ऐकू येतं.

त्यातलं एक रोप जगलं, झाड झालं, पण इतक्या वर्षांत फळ नाही. दोष झाडाचा नाही. आमच्या ह्यांचं सलून होतं. वाढलेलं काही दिसलं की हात शिवशिवायचे. दर वर्षी शेंडा उडवायचे आणि म्हणायचे, "केसांसारखंच असतं, छाटलं की दाट येतं." दाट आलं, काटेही आले. रोपवाटिकेतल्या माणसानं पुढे सांगितलं, बीपासूनचं झाड उंच वाढत वाढतच वयात येतं. शेंडा कापला की बिचारं पुन्हा पोरसवदा. हे गेल्यापासून मी कात्री लावू दिलेली नाही. झाड छताला टेकून वाकलंय. परवा धाप लागली तरी स्टुलावर चढून पाहिलं. वरच्या फांदीला कळ्या आहेत.

सलून आता मुलगा आणि सून चालवतात. सून गुणाची आहे, पण हात सासऱ्याचा. म्हणाली, "आई, घरात एवढं जंगल कशाला? एकदा नीट छाटून घेऊ." मी म्हटलं, "मी आहे तोवर नाही." ती "बरं" म्हणाली. माझ्या तोंडून काय गेलं ते मला मग कळलं.

सदर झाड मी ........................ यांस देते.

इथं साक्षीदार, शेजारचे घड्याळवाले, वाचता वाचता थांबले.

"ताई, नाव राहिलं."

"मुद्दाम ठेवलंय."

"अहो, मग ते घराबरोबर सुनेकडे जाईल. पहिल्याच दिवशी शेंडा उडेल."

"ठाऊक आहे."

"मुलीचं लिहा की!"

"लिहिलं तर सगळ्याची सोय लागली, दादा. मग भूल दिली की मी जाईन निवांत. मला जायचं नाही."

ते चष्मा पुसत बसले. मग सही केली.

ती मोकळी जागा कोणीही भरू नये. शुद्धीवर आले की मी भरीन.

सही: गणवेशवाली
साक्षीदार: १) शेजारचे घड्याळवाले २) खालच्या मजल्यावरची नर्स
ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळ
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस