न बघता म्हटलेलं करिबू

३ जून, माउन
बरेच दिवस काही लिहिलं नाही, माफी असावी. व्हिसा, सामान, निरोप यांत वही पेटीच्या तळाशी गेली होती. आता पोचलो आहोत. चाळिशी उलटल्यावर पशुवैद्य झालेला माझा नवरा एलिनामी इथे बोत्स्वानात इंटर्नशिप करणार, आणि मी आमच्या स्वाहिली मुलखातल्या मोशीतली शिक्षिकेची नोकरी सोडून त्याच्याबरोबर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, वाळूचं अंगण. बाजारात हिरवी केळी मिळाली. कालवण जरा करपलं, तरी हसतखेळत संपवलं.

१४ जून
एलिनामी सकाळी जातो, अंधारल्यावर येतो, जेवतानाच पेंगतो. दिवसभर स्वाहिलीत बोलायला कुणी नाही. त्याने तरी काय करावं? की मीच फार मागते?
संध्याकाळी कांदा चिरताना दारातून ‘होदी’ अशी हाक आली, अगदी आमच्याकडे पाहुणा घालतो तशी. मी सवयीने, मान वर न करता, ‘करिबू’ म्हटलं. या. बाहेर कुणीच नव्हतं. तरी बराच वेळ बरं वाटत राहिलं.

१९ जून
हाक रोज येते. मी रोज या म्हणते. शेजारच्या म्मा सेआबेलोंना सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे माणूस फाटकाशी ‘को को’ म्हणून थांबतो आणि घरातली बाहेर येऊन बघते. मी म्हटलं, आमच्यात आधी तोंड बघणं म्हणजे पाहुण्याचा अपमान.
कोंबड्यांना दाणे टाकत त्या म्हणाल्या, “न बघता आत घेतेस? नवऱ्याला ठाऊक आहे का, बाई?” मग हसू आवरून, “बोलावलंस खरं. परत कसं धाडणार?”

२४ जून
एलिनामी उजेडातच घरी आला. शेजारी बसून शेंगा सोलल्या. माझ्या शाळेविषयी विचारलं, वर्गातल्या मुलींची नावं विचारली. लग्नानंतर असं कधी विचारलं होतं त्याने? जेवला मात्र नाही.
मग फोन वाजला. एलिनामी, दवाखान्यातून. उशीर होईल म्हणाला.
तो समोरच बसला होता.

२५ जून
फोनवरचा घरी आला तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का—

२७ जून
तो दुसरा रोज लवकर येतो. ऐकतो. हात गार, पण हातात हात घेतो.

२८ जून
आज उठून गेला नाही. दाराला आतून कडी. मी लावली? बहुतेक मीच.
बाहेरून एलिनामीचा आवाज. दमलेला. आधी माझं नाव. मग आपल्याच दारात, परक्यासारखं, होदी. “अगं, गारठलोय. करिबू म्हण ना.”
कोण कोण आहे ते मला कळतं. इथे खोटं लिहिणार नाही.
आतल्याने विचारलं, मग तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं? मी सांगत राहिले—
होदी. पुन्हा. मग हळू.
आता हाक नाही.

उद्या: फाटकाला कुलूप आण—