तुंब्यामागून मोबाईल

४ मे
आजपासून शिक्षण सुरू. कंपनीने सगळ्यांच्या मोबाईलवर अॅप टाकलं. जुना सुकवणीप्रमुख रिटायर होतोय. त्याची जागा अॅपमधले मार्क आणि प्रत्यक्ष परीक्षा बघून देणार, असं इंजिनियर लुसियानो म्हणाला. अर्धं आयुष्य येर्बाची, म्हणजे आमच्याकडच्या चहाची, पानं मी नुसत्या नाकाने वाळवलीत, म्हणजे ठरल्यातच जमा. तरी रोज एक धडा करायचाच. प्रमुखाला कंपनीचं घर मिळतं. बायकोला, ओटिलियाला, सांगितलं की जाऊन खिडक्यांची मापं घेऊन ये. ती म्हणाली, आधी धडा कर.

५ मे
धडा पहिला, भट्टीतले सेन्सर. व्हिडिओतली बाई ब्युनोस आयर्सची. हिने जन्मात भट्टी पाहिली नसेल. डोळा लागला. उद्यापासून नक्की.

९ मे
युक्ती सापडली. मधल्या सुट्टीत आम्ही गोल करून येर्बा पितो. भोपळ्याचा तुंबा एक, ओढायची नळी एक, पाणी ओतणारा मी. मी असताना किटलीला कोणी हात लावत नाही. आज तुंब्यामागून माझा मोबाईलही फिरवला. ज्याच्या हातात तुंबा, त्याने एक प्रश्न सोडवायचा. रामोन मला म्हणाला, डॉन काझिमिरो, परीक्षा तुमची की आमची? मी विचारलं, पाणी कोणाच्या हातचं पितोस? त्याने प्रश्न सोडवला. पैकीच्या पैकी मार्क.

१३ मे
डेल्फिना भट्टीवर नवीन, आणि हिला शंका फार. उत्तर चुकलं तर का चुकलं, म्हणून सगळे वाद घालत बसतात. आज तिने काडीने मातीत भट्टीचं चित्र काढलं. इकडे पाणी निवतंय. दम दिला की तुंबा धरून बसू नका, तो काय माईक आहे?

१९ मे
अॅपवर माझं नाव सगळ्यात वर. ओटिलियाने पडद्यांचं कापड आणलं. मी नको म्हटलं नाही.

२६ मे
परीक्षा कशी ते कळलं. इंजिनियर चालू भट्टीत मुद्दाम बिघाड करणार आणि तो आपण निस्तरायचा. जेवण गेलं नाही. सकाळचा चिपा, तो चीजचा पाव, शिळा असणार. सगळे व्हिडिओ बघायला बसलो, पण प्रत्येक धड्यापुढे 'पूर्ण' लिहिलंय. पूर्ण झालेलं परत कशाला बघायचं?

२ जून, सकाळी
शर्टाची बटणं दोनदा चुकली. थंडी आहे.

२ जून, दुपारी
लाल दिवा लागला. मी नाक वर केलं. वास बरोबर होता. मग नव्हता. भट्टी गार व्हावी म्हणून हवेची झडप पूर्ण उघडली, तर पट्ट्यावरची पानं धुमसायला लागली. मला पुढचं काही सुचेना. खरं सांगायचं तर घाबरलो. डेल्फिनाने मला बाजूला सारून झडप बंद केली, पट्टा थांबवला. धूर बसला. इंजिनियरने विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, डॉन काझिमिरोंच्या गोलात. मग त्याने एकेकाला विचारलं. सगळ्यांना येत होतं. रामोनलासुद्धा.
सेन्सर मुळातच खराब असणार.

९ जून
निकाल. प्रमुख डेल्फिना. इंजिनियर म्हणाला, तुमच्या गोलासारखं शिक्षण कुठल्याच सुकवणीत झालं नाही, तो चालू ठेवा. ही एक प्रकारची बढतीच. ओटिलियाला तसं सांगितलं. पडदे शिवून तयार होते, ते तिने डेल्फिनाला नेऊन दिले. माप त्याच खिडक्यांचं होतं.

१० जून
सुट्टीत किटली उचलायला गेलो, तर ती डेल्फिनाच्या हातात. म्हणाली, डॉन काझिमिरो, आजपासून मी ओतते, तुम्ही गोलात बसा. बसलो. तुंबा आला, मागून मोबाईल आला. धडा पहिला. प्रश्न वाचला. परत वाचला. तुंबा माझ्याच हातात, सगळे थांबले होते.
रामोन म्हणाला, तो माईक नाही.