भाऊबिजेचा पिवळा रंग

जिंतूर
८ सप्टेंबर २०२५

चि. उद्धव,
अनेक आशीर्वाद, वि. वि. फोनवर तू गिऱ्हाइकांशी बोलता बोलता बहिणीला नुसतं हूं हूं करतोस, म्हणून कागदावर लिहिते.

भक्तीच्या रक्तात शिसं निघालं. पोट दुखतं म्हणून माझी नात सारखी रडायची, ताट ढकलून द्यायची, चेहरा पांढराफटक. मी आपली म्हणत होते, जंत असतील. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अर्पिताला पहिलंच विचारलं, घराला रंग कधी दिला.

मग त्यांच्या ओळखीचा योगीराज आला. घरोघर जाऊन रंगातलं शिसं शोधणं हेच त्याचं काम. हातात पिस्तुलासारखं यंत्र. भिंतीला लावलं, दाराला लावलं, माझा देव्हाराही सोडला नाही. सगळं ठीक निघालं. पुढच्या खोलीच्या खिडकीवर मात्र आकडा असा चढला की त्याने परत लावून पाहिलं. तिथेच बसून भक्ती रस्त्यावरची जनावरं बघत वरणभात खाते आणि गजांना तोंड लावते. पिवळे पोपडे तिच्या मुठीत मी स्वतः पाहिले आहेत.

हा तोच पिवळा, जो दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेची ओवाळणी म्हणून तू तुझ्या दुकानातून आणून लावून दिलास. गल्लीभर मिरवलं होतं मी. अर्पिता तिच्या मामाला वाट्टेल ते बोलली. मी लेकीला गप्प केलं. म्हटलं, उद्धव रंग विकतो, बनवत नाही. कंपनीने त्यालाही फसवलं असणार. तेव्हा त्या कंपनीची मानगूट धर.

अर्पिता पोरीला घेऊन तिच्या बँकेजवळच्या एका खोलीत राहायला गेली आहे. खिडक्या साफ झाल्याशिवाय परत येणार नाही म्हणते. हा रंग काढायचा कसा ते लगेच कळव. घर खायला उठलं आहे.

मनिषाला आशीर्वाद, तुझ्या नातवाला, शंतनुला, गोड पापा. भावाची माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सुमंगलाअक्का

परभणी
१५ सप्टेंबर

ती. अक्कास,
उद्धवचा सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. मनिषा तर सकाळपासून रडायलीय. लय वाईट झालं. कंपनीला फोन लावायलोय, कुणी उचलत नाही. आम्ही दुकानदार डबा उघडून थोडंच बघतो?

अक्का, एक ऐक. गल्लीतल्या पेंटरला बोलावून पॉलिश पेपर मारू नको. सुकं घासलं की धूळ घरभर होते, ती पोपड्यापेक्षा वाईट. आधी गाद्या, कपडे, भांडी बाहेर काढ. खाली प्लास्टिक अंथर. पाणी मारून ओलं करायचं, मग खरवडायचं. झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ती फडकीही टाकून द्यायची. सूनबाईच्या बाळंतपणाआधी आमच्या घरी असंच केलं. ती माहेराहून बाळाला घेऊन आली तेव्हा घर आरशासारखं होतं. तीच माणसं तुझ्याकडे पाठवतो.

फक्त हे चार लोकांत बोलू नको. दसरा-दिवाळीचा धंदा तोंडावर आहे.

भक्तीला आशीर्वाद. धाकट्यावर लोभ असतो तो कमी करू नको.
तुझा,
उद्धव

जिंतूर
१९ सप्टेंबर

चि. उद्धव,
आशीर्वाद. तुझं पत्र अर्पिताला वाचून दाखवत होते. मध्येच मागे जाऊन एक ओळ परत वाचली.

सूनबाईच्या बाळंतपणाआधी? शंतनुचा तिसरा वाढदिवस गेल्या महिन्यात झाला. त्याला मीच ओवाळलं. माझ्या खिडक्या तर त्याच्या जन्मानंतर वर्षाने रंगल्या. म्हणजे आपल्या नातवासाठी तू घरातला रंग खरवडून, पुसून, फडक्यांसकट टाकून दिलास. आणि वर्षभराने तोच रंग घेऊन माझ्या पाटावर बसलास, कपाळाला टिळा लावून घेतलास, करंज्या खाल्ल्यास आणि वर म्हणालास, अक्का, बघ कसा झळकायलाय.

तहसीलात नोकरी केली आहे मी. टोलवाटोलवीची उत्तरं वाचूनच माझे केस पिकले. कंपनी, दुकानदार, धंदा, यातलं काही लिहू नकोस. माझ्या खिडकीला ब्रश लागला तेव्हा त्यात शिसं आहे हे तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच. आमच्या कॉन्व्हेंटात उत्तर चुकवणाऱ्याला सिस्टर बाकावर उभं करायच्या. तुला ती शाळा मिळायला हवी होती.

उत्तराची वाट बघते.
सुमंगला

परभणी
२५ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हो.

सूनबाईने कुठंतरी वाचलं आणि आमच्या खिडकीचे पोपडे पुण्याला तपासायला पाठवले, तेव्हा कळलं. गोडाऊनमध्ये त्याच मालाचे डबे पडून होते. कंपनी परत घेईना, टाकून द्यायला जीव होईना. काही गिऱ्हाइकांना गेले, काही तुझ्याकडे आणले. अर्पिता तेव्हा पुण्यात होती. तिची जिंतूरला बदली होईल असं कुणाच्या स्वप्नात होतं? तुझ्या घरात लेकरू नव्हतं, अक्का. तू एकटीच. मोठ्या माणसाला काय होतंय, असं वाटलं. लेकरू असतं तर आणला नसता, शंतनुची शपथ. त्या दोघी राहायला आल्यावर तरी सांगायला पाहिजे होतं. रोज उद्यावर टाकत गेलो.

माणसं पाठवतो. माफ कर. याहून जास्त मागायला तोंड नाही.
उद्धव

जिंतूर
१ ऑक्टोबर

उद्धव,
आशीर्वाद या वेळी राहू दे.

भक्तीचं तू भीतीपोटी लपवलंस, ते मला समजतं. माफ करणार नाही, पण समजतं. माझं मात्र तू शांतपणे ठरवलंस. तू एकटीच, असं लिहिलंस. याच एकटीने आई गेल्यावर तुझी वेणी-फणी सोडून बाकी सगळं केलं. माझंही रक्त तपासलं. त्यातही शिसं आहे, एकटीच्या.

तुझी माणसं पाठवू नकोस. योगीराजच्या देखरेखीखाली काम सुरू झालं आहे. तो पुन्हा यंत्र लावून बघेल, तेव्हाच मी घर उघडणार. तोवर भक्तीला त्या कोंदट खोलीत किती ठेवायचं? परभणीच्या डॉक्टरांकडे हेलपाटेही चालूच आहेत. आपल्या सगळ्या नात्यागोत्यात तपासून, खरवडून, पुसून स्वच्छ केलेलं घर एकच आहे. तुझं.

तेव्हा आम्ही तिघी तुझ्याकडे राहायला येतो आहोत. वरची खोली रिकामी कर. अर्पिता तिथून एस.टी.ने बँकेत जाईल. भक्ती जेवताना ताट ढकलते. तिला तू समोर बसून भरवायचं, मनिषाने नाही.

दिवसा मी दुकानात बसेन, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर. तो पिवळा कुणाकुणाच्या घरी गेला ते तू आठवून सांगशील आणि योगीराज त्या घरी जाईल. कुणी विचारलं की या बाई कोण, तर सांगेन, दुकानदाराची थोरली बहीण. मग का आले तेही सांगेन. दिवाळीचा धंदा असला तर असू दे.

लोभ मागायला येत नाही, हे ध्यानात ठेव.

सोमवारी दुपारच्या गाडीने पोचतो. स्टँडवर दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तूच ये. भक्ती हल्ली चार पावलं चालली की थकते. तिला कडेवर घ्यावं लागतं.

सुमंगला