डबल घंटी

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी मोठी दहाची आहे, धाकटा सहाचा, आणि येत्या शनिवारी आम्ही चौघं हैदराबादला निघणार आहोत. ‘निघणार आहोत’ लिहावं की ‘निघणार होतो’, हे आज दुपारी बाजारातून परतले तेव्हा मला ठरवता येत नव्हतं. नवऱ्याशी बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

मुलं इतक्या लांब, इतक्या मोठ्या शहरात पहिल्यांदाच चालली आहेत. मी मोबाइलवर खूप वाचलं. मुलांना घेऊन फिरताना ताण कसा घ्यायचा नाही, याचं तिथे भरपूर शहाणपण मिळतं. दिवसाला एकच ठिकाण बघा, दुपारी मुलांना झोपू द्या, सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत त्यांचा फोटो काढून ठेवा. सगळं पटण्यासारखं. पण मी ते असं काही अंगावर घेतलं की ताण न घेण्याचाच ताण घरभर पसरला. धाकटा वरणभात खात असला की मी मध्येच फोन नंबर म्हणून दाखवायला सांगायची. मोठी दप्तर भरत असली की विचारायची, चारमिनारपाशी हात सुटला तर काय करशील? नवरा म्हणाला, “सहल हाय का बोर्डाची परीक्षा?” मी भडकलेच. म्हटलं, “तुमाले काय, तुमी गाडीत बसल्या बसल्या घोरान. ध्यान कोनाले ठेवा लागते?” तुमची काळजी माझ्याकडे पुरेपूर आली बाबा, तुमचा निवांतपणा मात्र कुठे राहिला कोण जाणे. आणि मग एका संध्याकाळी धाकटा माझ्या ओढणीचं टोक धरून म्हणाला, “आई, मले नाई याचं हैदराबादले. तिथं लेकरं हरवून जाते ना?” हैदराबादचं नाव निघाल्यापासून नाचणारं पोरगं. त्याच्या पोटात ही भीती मीच घातली होती.

तेव्हा मला तुमची घंटी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या आणि तुम्ही मला कारंज्याच्या एस्टीवर ड्युटीला सोबत घेतलं होतं. मी मागे तुमच्या कंडक्टरच्या सीटवर बसलेली आहे, डोक्यावर घंटीची दोरी आहे, तुम्ही पुढे गर्दीत तिकिटं फाडता आहात. मी सीटवर उभी राहते आणि दोरी एकदा ओढते. टण! अख्खी एस्टी हायवेवर थांबते. मागच्या ट्रकांचे हॉर्न, ड्रायव्हरची मान मागे वळलेली, आणि माणसांतून वाट काढत येणारा तुमचा लाल चेहरा. “कोनं मारली?” मी हात वर करते. “घंटी म्हंजे खेळ नाई, बाई. एक मारली का सारी गाडी तुया भरोशावर थांबते. आता डबल कोन मारन?” मी म्हणते, तुमी. “काऊन? ज्यानं थांबवली त्यानंच काढाची.” सगळी गाडी बघत असताना मी रडत रडत दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली. कारंज्यापर्यंत तुम्ही पुन्हा तिकिटं फाडत राहिलात. मग ढाब्यावर स्वतःचा अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात. त्यानंतर घरात तो खेळच झाला. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत तुम्ही तोंडाने ‘टण’ म्हणायचात आणि मी नि भाऊ आहे तिथे खांबासारखे उभे. ‘टण टण’ झालं की पुढे. लोक हसायचे. आम्ही कधी हरवलो नाही.

तोच खेळ मी मुलांना शिकवला, आणि आज सरावाला आठवडी बाजारात नेलं. सुरुवातीला मजा आली. मी ‘टण’ म्हणायची, दोघं थबकायची, मागून येणारी माणसं त्यांच्यावर आदळायची. धाकटा कितीतरी दिवसांनी खदखदून हसला. पेरूवाल्यांच्या रांगेपाशी मी पुन्हा ‘टण’ म्हटलं आणि तेवढ्यात फोन वाजला. हैदराबादच्या लॉजवाल्याचा होता, जादा गादी हवी का म्हणून. कलकलाटात ऐकू येईना, म्हणून मी मोठीचा हात धरून भाजीची ओळ ओलांडून पलीकडे मोकळ्या जागी गेले. गादीचं ठरलं. फोन ठेवला. मागे वळले तर धाकटा नाही.

बाबा, तेवढा वेळ मी कशी होते ते सांगता येत नाही. पोरगं जाईल अशा सगळ्या ठिकाणी धावले. फुगेवाला, गोळेवाला, कोंबड्यांची टोपली. त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. फुगेवाला म्हणाला, “इकडं नाई आलं बाई कोनी.” रस्त्याच्या बाजूला ऑटो जोरात जात होते, तिकडे बघायची हिंमत होईना. पळता पळता मी मोठीला ओरडत होते, की तुझं लक्ष कुठे होतं. ती रडत माझ्यामागे फरफटत येत होती आणि शेवटी माझ्या हातातून हात हिसकून उभीच राहिली. “आई, तू डबल मारलीच नाई ना!”

मी भर बाजारात, भाजी घेणाऱ्या ओळखीच्या बायांसमोर, पेरूच्या रांगेकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले, “टण टण!” पुन्हा ओरडले. पोत्यांच्या थप्पीमागून धाकटा सुटला तो थेट माझ्या पायांवर आदळला. त्याच्यामागे पेरूवाली आली. “तुमचं होय का हे? कवाची म्हनून राह्यली, बापू सावलीत ये, तं पाय उचलत नाई. म्हने घंटी नाई झाली.” तो रडत नव्हता. चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता. मी त्याला आवळून धरलं तर माझ्या मिठीतून मान वर काढून म्हणाला, “मी हरवलो नाई ना आई? आता जाचं ना हैदराबादले?”

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तिकिटं रद्द करा. त्याने चहा ठेवला. दाराशी अर्धवट भरलेली बॅग तशीच उघडी. मोठी खोलीत जाऊन बसली. धाकटा पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, हललासुद्धा नाही. पोरगा पास झाला होता आणि नापास झालेली मी त्याला बसवून ठेवत होते. चहा तसाच निवला. आणि मला एकाएकी दिसलं, की महिनाभर हे घर असंच उभं आहे. कुणी हसलं की मी थांबवलंय, कुणी नाचलं की थांबवलंय. सगळे माझ्या भरोशावर थांबले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. तुमचा लाल चेहरा डोळ्यांसमोर आला. ज्यानं थांबवली त्यानंच काढाची.

मी स्वयंपाकघरात गेले, स्टीलचा गिलास घेतला आणि चमच्याने दोनदा वाजवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पहिला टोला नीट बसला. दुसरा मी इतका हळू मारला की कुणाला ऐकू जाऊ नये. पण धाकटा कान लावूनच बसला होता. बाहेरून त्याची उडी ऐकू आली, आणि मग बॅगेत काहीतरी कोंबल्याचा आवाज.