दादाच्या गाडीची टकटक

अकोला, रविवार संध्याकाळ

दादा गेल्यावर त्याची जुनी मोटरसायकल माझ्याकडे आली. इंजिनाची टकटक घालवायला तीन रविवार लागले, अंगठ्याचं नखही गेलं. शिकाऊ माणसाला स्वस्तच पडलं म्हणायचं. गल्लीत सांगत सुटलो, एकदा ऐकलेला आवाज आपले कान विसरत नाहीत.

आज बाळापूरला वहिनीच्या दारात गाडी उभी केली. ती बाहेर आलीच नाही. शेवटी हाक मारली.

"चोरावानी आले का भाऊजी? ह्यायच्या गाडीची टकटक चौकात आयकू आली का मी चहा मांडो. काहून बंद केली?"

घरी येऊन इंजिनातले कसलेले टॅपेट परत ढिले केले. टकटक आली, पण ती नव्हे. पुन्हा कसले, पुन्हा ढिले केले.

दादाची टकटक कशी होती, मला आठवत नाही.