पाय बदलणारा फ्लेमिंगो

बुधवार, संध्याकाळ, परळ

जमलं! गेल्या आठवड्यात बाबांनी गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेताना मी जिथे काम करते त्या आमच्याच वेबसाइटचं बटण तीनदा दाबलं. स्क्रीन ढिम्म, त्यांना वाटलं काही झालंच नाही. तीन नोंदी झाल्या, मग तिन्ही रद्द. नंतर ते फोनच हातात घेईनात. लाज मला वाटली.

म्हणून काम चालू असताना दिसेल असा फ्लेमिंगो काढला, शिवडीच्या चिखलात उभा असतो तसा, पाय बदलणारा. ऑफिसात समीर म्हणाला, "पान जड होईल गं." कसलं जड! नुसत्या रेषा, एका फोटोहूनही हलका. त्याचा कंपोनंट, म्हणजे कोडचा तुकडा, एकदाच लिहिला, साइटच्या बाराही पानांवर नुसतं नाव टाकलं की हजर. पाय बदलायचा वेग मात्र पाच वेळा सुधारला. वेडी आहे का मी?

आज बाबांच्या जुन्या फोनवर उघडून दिलं. त्यांनी बटण दाबलं. बोट पुन्हा बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"परत नाही दाबत?" मी विचारलं.

"कित्याक? तो पाय बदलता, म्हणजे काम चालू आसा."

शुक्रवारी अकराची वेळ मिळाली. त्यांनी स्वतःच ती आईला मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.