तीन हजार आठशे सोळा

३ मार्च, सकाळी ७.१०
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: कॅसेटचं सागवानी कपाट (एकही खिळा नाही). दोन स्पीकरचे खोके. टेप कॉम्प्युटरला जोडायची वायर, तीन वेळा झाळून. त्या वायरीतून उतरवलेली ३,८१६ गाणी. कुठला क्लास नाही, कोर्स नाही.
उतरवून झाल्यावर कॅसेट भंगारात दिल्या. ही म्हणाली, आईची तेवढी ठेवा. म्हटलं, डिजिटलवर विश्वास ठेवायला शिक.

४ मार्च
मेहुण्याचा फोन. पंधरा तारखेला त्याची पन्नाशी आहे. म्हणाला, "भाऊजी, आईचं ते गाणं लावाल का? भांडी घासताना म्हणत होती ते."
सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. तो आवाज जगात फक्त माझ्याकडे आहे.
हाच मेहुणा चार वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "भाऊजींकडे गाणी नाहीत, ढिगारा आहे." पाहुणे हसले. ही पण हसली. तारीख लिहून ठेवलेली आहे.
गाणं लावणार. पण मोठ्या स्क्रीनवर, संपूर्ण माहितीसकट. आणि प्रत्येक गाण्याखाली: 'ध्वनिमुद्रण व जतन: मी स्वतः'. वाचत बसेल.

६ मार्च
सॉफ्टवेअरमध्ये सगळी गाणी एकदम निवडून माहिती बदलता येते. मदतीचं पान वाचलं नाही. ते इतरांसाठी असतं.
सेटिंग स्वतः केलं. माहितीप्रमाणे फाइलचंही नाव बदलावं: चालू. केलेलं मागे घेण्याची सोय: बंद. मी मागे घेत नाही.

७ मार्च, दुपारी ४.००
कर्सर आईंच्या गाण्यावर ठेवून सगळी गाणी निवडली. प्रत्येक रकान्याशेजारी एक चौकट असते. सगळ्या चौकटींवर टिक केली. अर्धवट काम मला चालत नाही. बटण दाबलं. मेहुण्या, ये आता.

७ मार्च, ४.२५
टिक केलेला रकाना सगळ्या गाण्यांवर उतरतो म्हणे. हे आधी कोणी सांगायचं?
३,८१६ गाण्यांचं नाव आता 'आई, स्वयंपाकघरात'. गायिका सासूबाई. मिलिटरी बँडचीसुद्धा.

८ मार्च
सॉफ्टवेअर कंपनीला चार पानी पत्र. शेवटचा शब्द 'निर्लज्ज'. उत्तर नाही. घाबरले असणार.

१० मार्च
लांबीवरून शोधतो आहे. आईंचं गाणं तीनेक मिनिटांचं. तीनेक मिनिटांची गाणी १,९०४.
हिने विचारलं, सापडेल ना? म्हटलं, हरवलंय कुठे? सगळी आईच आहे. ही उठून आत गेली.

१५ मार्च
पन्नाशी. रद्द करणं माझ्या स्वभावात नाही. अंदाजाने एक निवडलं. स्क्रीनवर 'आई, स्वयंपाकघरात'. मेहुण्याने डोळे मिटले. ट्रम्पेट वाजला.
डोळे उघडून म्हणाला, "भाऊजी, ही आई नाही."
कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.
निघताना म्हणाला, "माझ्याकडेही पाठवा थोडी. निम्मी निम्मी ऐकू." म्हटलं, माझं काम मी करतो.

२२ मार्च
ऐकून झालेली: ३४६. ही शेजारी खुर्ची टाकून बसते. गाणं सुरू झालं की मान वर करते. मग खाली.
बदला घ्यायच्या लोकांची यादी पुन्हा तपासली. मेहुणा. सॉफ्टवेअर कंपनी. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कारण गेल्या वर्षी हार्ड डिस्क बदलताना त्याने ठामपणे सांगायला हवं होतं. नुसतं विचारलं. म्हणाला, "काका, सगळ्या गाण्यांची एक कॉपी काढून ठेवू का? कधी लागली तर."
मी म्हटलं, मला लागत नाही.
तीनशे रुपये म्हणाला होता.